वीतभर ऊन

दहाला पाच मिनिटं कमी होती आणि दालनात मुंगीलाही वाट नव्हती. मागची माणसं टाचा उंचावून उभी होती, बायका मांडीवरची पोरं गप्प करत होत्या, आणि दारातल्या चपलांचा ढीग पायऱ्या उतरून रस्त्यावर आला होता. सगळ्यांचे डोळे एका काळ्या पडद्यावर खिळलेले.

पडद्यामागे खिडकी होती. दोन पुरुष उंचीवर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली रंगीत काचेची लांब पट्टी. तिच्यावर लाटेसारखी वर-खाली होत गेलेली हिरवी वेल, वेलीला नऊ फुलं, आणि प्रत्येक फुलाच्या पोटात तळहाताएवढी लाल काच. खिडकीसमोर आठ-दहा पावलांवर एक बाक, बाकामागे पांढरी भिंत. बाकावर नऊ आजारी माणसं एकमेकांना खेटून बसलेली. आणि बाकाच्या टोकाला, उंच खुर्चीत, पांढऱ्याशुभ्र झब्ब्यात रंगगुरू.

"औषध म्हणजे काय हो?" रंगगुरू विचारत होते. "रंगच ना? गोळी गुलाबी, मलम पिवळं, सरबत तांबडं. डॉक्टर लोक रंगच विकतात, पण बाटलीत कोंडून! कोंडलेला रंग मेलेला असतो. मी जिवंत रंग देतो. लाल रंग आजार हुंगतो. कसा? कुत्रा चोर हुंगतो तसा!"

"वा!" गर्दी म्हणाली.

"आणि एकदा चोर धरला की त्याला खाली ओढतो. गुडघा तीन रविवार, पोट पाच, छाती सात. आजार जेवढा उंच, तेवढे रविवार जास्त. हिशेब सरळ आहे!"

घड्याळात दहाचे ठोके पडले. अण्णांनी दोरी ओढली.

अण्णा म्हणजे माझे वडील. ही खिडकी त्यांनीच घडवली होती, म्हणून दर रविवारी पडदा उघडण्याचा आणि पाच मिनिटांनी बंद करण्याचा मान त्यांचा. पडदा सरकला आणि नऊ लाल डाग नऊ माणसांवर पडले: कुणाच्या गुडघ्यावर, कुणाच्या पोटावर, कुणाच्या घशावर. ज्याचं जे दुखत होतं, नेमकं तिथे.

चौथ्या जागेवर माझी आई होती. तिचा सातवा रविवार. पहिल्या रविवारी तिच्या छातीवर पडलेला डाग दर आठवड्याला वीतभर उतरत पोटावर, मांडीवर, नडगीवर आला होता. आज तो तिच्या पावलांपुढे फरशीवर पडला होता.

"धरणीनं घेतला!" रंगगुरू ओरडले. "बाई, तुमच्या हृदयाचा आजार धरणीनं घेतला! आता गोळीचं काम काय? चोर गेल्यावर पहारेकरी कशाला पोसायचा?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आईनं पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली आणि गुरूंच्या पायाशी ठेवलेल्या मडक्यात टाकली. मग गर्दीत मला शोधून ती हसली. दोन दिवसांच्या रजेवर आलेली मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मी दुसऱ्या गावी ग्रंथालयात काम करते; आयुष्यभर पुस्तकं हाताळली आहेत. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण उठलेही नाही.

घरी आल्यावर मी भांडले. आई म्हणाली, "अगं, ती खिडकी तुझ्या अण्णांच्या हातची आहे. त्यांची काच खोटं कशी बोलेल?"

"आई, डॉक्टरांना एकदा विचार तरी."

"विचारते हं पुढच्या महिन्यात. आता भांडू नकोस, जेव."

पुढचा महिना आला नाही. बाविसाव्या दिवशी सकाळी भांडी लावता लावता आई खाली बसली ती उठलीच नाही.

निरोप मिळून मी पोचले तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली होती, ठाऊक आहे ना? धातूवर रक्त गोठतं. ते गोठू नये म्हणून ती गोळी. कधी बंद केली?"

"तीन आठवडे झाले."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा शेजारीच उभे होते. ते भिंतीकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी रंगगुरू घरी भेटायला आले. सोबत चार भक्त. आमच्या बैठकीच्या खोलीत मधोमध बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "खिडकीनं तिचं काम केलं होतं. बाई मोकळ्या झाल्या होत्या. पण त्या रविवारी दालनात एक शंका येऊन बसली होती." त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. "तिसऱ्या रांगेत. शिकलेली शंका. जखम भरत असताना कुणी खपली काढावी, तसं झालं."

खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझी मावशी, आईची धाकटी बहीण, हुंदका देऊन तोंडावर पदर घेत माझ्यापासून हातभर दूर सरकली. ते हातभर अंतर मी अजून विसरलेले नाही.

तोपर्यंत मी फक्त रडत होते. त्या क्षणी रडू थांबलं. या माणसाला याच्याच दालनात, याच्याच गर्दीपुढे उताणा पाडायचा, एवढं एकच काम आता उरलं, असं मला अगदी थंडपणे वाटलं. मी ग्रंथालयाला बिनपगारी रजेचा अर्ज पाठवला.

मग ढगांचे महिने सुरू झाले. ऊन नाही म्हणजे खिडकी नाही. रंगगुरू दरवर्षीप्रमाणे दौऱ्यावर निघून गेले. ढग ओसरल्यावरही दोन-तीन महिने ते परगावीच असत आणि ऐन थंडीत परतत. अण्णा बोलेनासे झाले होते. मी त्यांच्या कारखान्यात जाऊन बसू लागले.

कारखाना कसला, मागच्या अंगणातली लांबट खोली. एका बाजूला काचेच्या उभ्या थप्प्या, मधे टेबल, टेबलावर शिशाच्या पट्ट्या, डाख द्यायची इस्त्री, काच कापायची कलम. अण्णा आधी कागदावर नक्षी काढत, कागदाप्रमाणे काच कापत, तुकडे शिशाच्या पट्टीत बसवत, सांध्यांना डाख देत आणि शेवटी फटी बुजवायला लांबी भरत. दारावरची पंख्याच्या आकाराची तावदानं, जिन्यातल्या उंच खिडक्या, बैठकीच्या खोलीतले आडपडदे, दिव्यांच्या छत्र्या. गावातल्या निम्म्या घरांत त्यांच्या हातचा रंग होता. न्हाणीघराला ते दुधी काच आणि निळी किनार सुचवत. जेवणघराला पिवळा. "पिवळ्यात अन्न चांगलं दिसतं," म्हणत. एका दातांच्या डॉक्टरनं लाल फुलांची खिडकी मागितली तेव्हा अण्णांनी साफ नकार दिला होता: "साहेब, तुमच्या पांढऱ्या कोटावर सकाळी अकराला लाल डाग पडेल. आलेला रोगी खुर्चीवरून उडी मारून पळेल."

हे ते कसं सांगू शकत? त्यांची एक पद्धत होती. नवी नक्षी केली की तिचा नमुना कारखान्याच्या खिडकीत टांगायचा आणि दर रविवारी दहाला, रंग समोरच्या भिंतीवर जिथे पडेल तिथे पेन्सिलीनं वळसा काढून तारीख टाकायची. मग गिऱ्हाईकाला सांगता येई: थंडीत हा निळा तुमच्या पलंगावर येईल, उन्हाळ्यात खिडकीखालीच राहील. ती भिंत लहानपणापासून माझ्या नजरेसमोर होती. म्हणूनच मी ती कधी वाचली नव्हती.

एका ढगाळ दुपारी करायला काही नव्हतं म्हणून वाचली.

वेलीच्या फुलाचा नमुना चार वर्षांपूर्वीचा होता. त्याचे लाल वळसे भिंतीवर एकाखाली एक होते. थंडीतल्या सर्वांत लहान दिवसापासून सुरू होऊन, आधी हळूहळू, मग दर रविवारी वीतभर खाली, खाली, खाली, पार उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत. मग ढगांची रिकामी जागा. आणि त्यानंतरच्या तारखांचे वळसे वर चढत गेलेले. वीतभर वर, वर, वर, पुन्हा थंडीपर्यंत.

ती भिंत चुन्याची होती. तिला हृदयाचा आजार नव्हता.

मी अण्णांना हाताला धरून आणलं आणि भिंतीसमोर उभं केलं. "हे काय आहे?"

"ऊन," ते म्हणाले.

"नीट सांगा."

"थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत सूर्य रोज थोडा उंच जातो. दहाच्या दहालाच पाहिलं तरी दर आठवड्याला जरा अधिक उंच असतो. ऊन उंचावरून आलं की काचेतला रंग खाली पडतो." शाळेत धडा म्हणावा तसे ते म्हणत होते. "उन्हाळ्यानंतर उलट."

"गुरूला माहीत आहे हे?"

"खाली येतो एवढं त्यानं पहिल्याच वर्षी पाहिलं. तो आधी पडदे विकायचा, त्याला खिडक्यांची नजर होती. वर चढताना त्यानं पाहिलेलं नाही, तेव्हा तो इथे नसतो. दरवर्षी माझ्याकडून कागद नेतो. पहिल्या रविवारी कुठल्या फुलाचा लाल कुठल्या जागेवर किती उंचीवर पडेल, एवढंच. मग गुडघेवाल्याला गुडघ्याच्या जागी बसवायचा, पोटवाल्याला पोटाच्या."

"आणि पाच मिनिटांत पडदा का बंद करता?"

अण्णांनी भिंतीवरच्या एका वळशावर बोट ठेवलं. "जास्त ठेवला तर डाग शेजाऱ्यावर सरकतो. मीच त्याला सांगितलं होतं, लोकांचा गोंधळ होईल म्हणून."

"म्हणजे सगळं ठाऊक होतं तुम्हाला."

"ऊन सरकतं हे ठाऊक होतं. पण वाटायचं, उन्हाबरोबर आजारही सरकत असेल. तुझी आई आनंदात होती गं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच." ते टेबलाला धरून बसले. "माझ्या काचेनं ती बरी होतेय, असं ती चारचौघांत सांगायची."

मी त्यांना जवळ घेतलं नाही. पाणीही दिलं नाही. सूड घ्यायचा म्हटला की पहिला वार घरात बसतो, हे पुस्तकांत वाचलं होतं. त्या दिवशी करून पाहिलं.

ढग सरले आणि दुसऱ्याच दिवशी रंगगुरू दारात हजर. या वर्षी नावनोंदणी इतकी तुंबली होती की थंडीपर्यंत थांबायची त्यांची तयारी नव्हती.

"काचवाले, कागद लागेल. येत्या रविवारपासून बसवतोय."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "त्यांचा हात कापतो हल्ली. मी करून देते. पहिल्या रविवारच्याच जागा ना?"

"तेवढंच. पुढचं खिडकी बघते." ते हसले. "तुमची शंका फिटली म्हणायची!"

"बरीचशी," मी म्हणाले.

मी कागद अगदी अचूक करून दिला. त्यांनी पहिला रविवार विचारला, मी पहिला रविवार सांगितला. दुसऱ्या रविवारबद्दल त्यांनी विचारलं नाही. आजार जेव्हा त्यांच्या भक्तांच्या अंगावर वीत-वीत चढू लागेल तेव्हाचं त्यांचं तोंड मला पाहायचं होतं.

पण नोंदणीच्या यादीतलं एक नाव मी दोनदा वाचलं. चौथ्या जागेवर, आईच्याच जागेवर, मावशी बसणार होती. मावशीला साखरेचा आजार, सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. साखर पोटात असते असं रंगगुरूंनी ठरवून टाकलं होतं. म्हणजे पाच रविवार, आणि पाचव्या रविवारी इंजेक्शनं मडक्यात.

मी तिच्या घरी गेले. तिनं दार अर्धंच उघडलं.

"मावशी, डाग सरकतो तो उन्हामुळे. चल, अण्णांच्या भिंतीवर दाखवते."

"भिंती तू बघ. माझ्या ताईचं व्रत तुझ्या शंकेनं मोडलं. ते मी पुरं करणार आहे."

"इंजेक्शन बंद केलंस तर चार दिवस काढणार नाहीस गं!"

"बघ, परत सुरू झाली! तुझ्या तोंडाला कुलूप का नाही लागत? ताईला खाल्लंस, आता मला खा." आणि दार बंद.

मी स्वतःची समजूत घातली. डाग जमिनीवर आला तरच औषध सोडायचं, असा गुरूचाच नियम होता. या दिवसांत तो काही जमिनीवर यायचा नाही. म्हणजे मावशी सुरक्षित. पहिल्या रविवारी लाल तिच्या पोटावर पडला. दुसऱ्या रविवारी दोरी ओढली गेली आणि तो तिच्या छातीवर होता.

दालनात कुजबुज उठली. शेजारच्या जागेवरचा गुडघेदुखीचा शिंपी मोठ्यानं म्हणाला, "माझा तर मांडीवर आला! हे काय, वरच चाललंय की!"

रंगगुरूंचा चेहरा मी डोळ्यांत साठवत होते. आधी पांढरा पडला, मग तांबडा. दोन क्षण. तिसऱ्या क्षणी ते उभे राहिले आणि दोन्ही हात आभाळाकडे केले.

"कळलं का? कळलं का तुम्हाला? उन्हाळ्यात आजार धरणी घेते. पण धरणीचं पोट भरलं! आता आजार आकाश घेणार! पायाकडून डोक्याकडे, डोक्यातून वर! ही त्याहून मोठी वाट आहे. चार वर्षांच्या तपानंतर आज खिडकीनं ती उघडली!"

"वा! वा!" टाळ्या. माझ्यामागची एक बाई रडत होती. "काय भाग्य आपलं!"

मी टाकलेल्या जाळ्यात तो अडकला नाही. ते त्यानं शालीसारखं पांघरलं. सत्य समोर मांडलं की लोक आपोआप बघतात, अशी माझी समजूत होती. इतकी पुस्तकं वाचून कमावलेली ही समजूत दोन वाक्यांत गेली. आणि आता पाचव्या रविवारी लाल डाग मावशीच्या डोक्यावरून वर, मागच्या भिंतीवर जाणार होता. आकाशानं घेतला! कागद मीच लिहून दिला होता. मी नसता दिला तर ती थंडीपर्यंत इंजेक्शन घेत राहिली असती.

तिसऱ्या रविवारी डाग तिच्या गळ्यावर आला. चौथ्या रविवारी कपाळावर.

पाचव्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी मी अण्णांच्या समोर बसले. "उद्या पडदा बंद करू नका," मी म्हणाले. "एवढंच."

ते शिशाची एक पट्टी उगाच सरळ करत राहिले.

रविवारी दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. मावशीनं ठेवणीतली साडी नेसली होती. मांडीवर इंजेक्शनांची पेटी. दहाचे ठोके पडले, पडदा उघडला, आणि लाल डाग तिच्या डोक्यावर चार बोटं, पांढऱ्या भिंतीवर उमटला.

"आकाशानं घेतला!" रंगगुरूंनी आरोळी ठोकली. टाळ्या थांबेचनात. "बाई, सकाळ-संध्याकाळ सुया टोचून अंगाची चाळण झाली तुमची. आता मोकळ्या व्हा! काचवाले, पडदा!"

अण्णा दोरी धरून उभे होते. हलले नाहीत.

"काचवाले, पाच मिनिटं झाली!"

"ऊन आहे अजून," अण्णा म्हणाले.

"नियम आहे! पडदा ओढा!"

मी काही बोलणार तेवढ्यात मागून एका बाईचा खणखणीत आवाज आला. "असू द्या की हो उघडा! पाच मिनिटांत एवढा गुण, तर अर्ध्या तासात किती येईल?"

"खरंच की! जास्त रंग मिळाला तर वाईट काय?" दुसरा म्हणाला. "आम्ही मागे बसलेले, आमच्याही अंगावर येऊ दे थोडा!"

रंगगुरूंनी सेवकांना डोळ्यांनी खुणावलं. जिवंत रंग जास्त घेऊ नका, हे त्यांना कसं सांगता येणार? त्यांचे दोन सेवक दोरीकडे निघाले. शिंप्यानंच त्यांना हटकलं, "अहो, थांबा ना! माझा अजून छातीवरच अडकलाय, त्याला वर जाऊ द्या!"

दालन वाट पाहत राहिलं. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग शिंपी आपल्या छातीकडे पाहून पुटपुटला, "हा बाजूला कुठं चाललाय?" नऊच्या नऊ डाग तिरके, खाली, शेजारच्या माणसाकडे सरकत होते. घड्याळाच्या काट्यासारखे, टक लावली तर दिसत नव्हते, नजर काढून परत टाकली तर पुढे गेलेले. साडेदहाच्या सुमाराला मावशीचा डाग शिंप्याच्या कपाळावर जाऊन बसला.

"अहो गुरुजी!" शिंपी किंचाळला. "बाईंची साखर माझ्या कपाळी आली! मी गुडघ्यासाठी आलो होतो!"

कुणीतरी फिसकन हसलं. "आणि तुझा गुडघा त्या पलीकडच्या आजोबांच्या पोटात गेला बघ!"

"काढा ते! मला नको त्याचा गुडघा!" आजोबा ओरडले.

बाकावर एकच गोंधळ उडाला. आणि त्या गोंधळात शेवटच्या फुलाचा लाल डाग नवव्या माणसाला सोडून पुढे गेला, उंच खुर्चीवर चढला आणि रंगगुरूंच्या पांढऱ्या झब्ब्यावर स्थिरावला. बरोबर छातीवर.

ते दचकून उठू लागले.

"बसा," मी म्हणाले. मी कधी उभी राहिले मला आठवत नाही. आवाज मात्र अगदी शांत होता. "लाल आजार हुंगतो ना? छाती म्हणजे सात रविवार. बसा तुम्ही. माझी आई बसली होती."

"ही... ही तीच शंका आहे! हिला बाहेर काढा!"

"मी बाहेर जाते. डाग जातो का बघा."

सेवक माझ्याकडे वळले आणि त्याच वेळी अण्णा बोलले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण दालन गप्प झालं. "ऊन आहे ते. सूर्य सरकतो, रंग सरकतो. माझ्या कारखान्याच्या भिंतीवर चार वर्षांच्या तारखा आहेत, ज्याला हवं त्यानं येऊन बघावं. थंडीनंतर डाग उतरतो, ढगांनंतर चढतो. बाकावर माणूस बसवा नाहीतर पिठाचं पोतं. कुठल्या जागेवर कुठं पडेल तो कागद आमच्या घरून जातो." त्यांनी हातातल्या दोरीकडे पाहिलं. "माझ्या बायकोच्या छातीवरून उतरलं ते ऊन होतं. आजार जिथल्या तिथं होता. मला ठाऊक होतं आणि पडदा मी ओढला."

मावशी उठली. शिंप्याच्या कपाळावरच्या डागात तिनं हात धरला, तो तिच्या तळव्यावर पडला. हात उलटा केला, मागच्या बाजूवर पडला. तिनं हात बाजूला केला, तो परत शिंप्यावर गेला. असं तिनं तीनदा केलं.

"भावोजी," तिनं अण्णांना विचारलं, "ताईला हे माहीत होतं?"

"नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता."

मावशीनं पेटी छातीशी धरली आणि रंगगुरूंच्या पायाशी असलेलं मडकं लाथेनं उडवलं. शेकडो गोळ्या फरशीवर घरंगळत गेल्या. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या. त्या बघून गर्दीला खरं कळलं असावं. बायका खाली बसून आपापल्या माणसांच्या गोळ्या ओळखू लागल्या. "ही आमच्यांची दाबाची." "ही माझ्या सासूची." मागून कुणी दगड उचलला, तेव्हा अण्णा खिडकीसमोर हात पसरून उभे राहिले. "काचेला नका मारू. तिनं काही म्हटलेलं नाही."

रंगगुरू मागच्या दारानं निघाले होते. दाराशी पाच-सहा जण वाट अडवून उभे होते. पोलीस येईपर्यंत अर्धा तास तो माणूस भिंतीला पाठ लावून उभा होता, आणि तो सगळा अर्धा तास मी त्याच्यासमोर उभी राहून बघत होते. कुणी त्याला हात लावू नये म्हणून उभी होते, असं मी नंतर सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. मला बघायचंही होतं. डॉक्टरीणबाईंनी लेखी जबाब दिला, खटला उभा राहिला, अजून चालू आहे. साक्षीदारांत पहिलं नाव अण्णांचं आहे. आपल्यावरही गुन्हा नोंदवा, असं ते पोलिसांना तीनदा सांगून आले.

मावशी माझ्याशी बोलू लागली आहे. मी अण्णांशी अजून फारसं बोलत नाही.

सुडानं पोट भरतं, असं म्हणणारे खोटं बोलत नाहीत. भरतं, आणि मग संध्याकाळी पुन्हा भूक लागते. म्हणून हे लिहिते आहे. रंगगुरू एक गेला, पडदे विकणारे पुष्कळ आहेत. तुम्हाला कुणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवायची घाई करू नका. पाच मिनिटांचा असेल तर अर्धा तास मागा. या जागेवर घडत असेल तर शेजारच्या जागेवर करून दाखवायला सांगा. आजारी माणसाऐवजी पिठाचं पोतं ठेवून बघा. वर्षातून ठरावीक दिवसांतच का, बाकीच्या दिवसांत काय होतं, विचारा. विचारल्यानं खरी गोष्ट मोडत नाही. आणि औषध सोडायचं की नाही हे ज्यानं ते लिहून दिलं त्यालाच विचारा. काचेला नको, गर्दीला नको, ज्यांच्यावर तुमचं प्रेम आहे त्यांनाही नको.

आईची गोळी डाळीच्या दाण्याएवढी होती. दिवसातून एक, रात्री जेवणानंतर. गिळायला पाण्याचा एक घोट पुरायचा.